दुकान भाऊजींचं, सही माझी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बाजारपेठेच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या बचत गटाच्या सचिव आहेत. गावात एसटी स्टँडवरून प्राथमिक शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याला देशी दारूचं दुकान आहे आणि त्याचा परवाना त्यांच्या चुलत दिरांच्या नावावर आहे. दुकान बंद व्हावं म्हणून गटातल्या बायका सह्या गोळा करणार आहेत. पहिली सही सचिवांची हवी, असा त्यांचा आग्रह. इकडे मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला ८० हजार रुपये कमी पडले तेव्हा ते याच भाऊजींनी दिले होते. ताईंचे यजमान शनिवारी एक क्वार्टर घेतात, जेवतात आणि झोपतात. पुण्यात अर्थशास्त्र शिकणारा भाचा म्हणाला, "मावशी, सज्ञान माणसानं काय प्यावं हे सरकारनं आणि शेजाऱ्यांनी ठरवायचं का? आज बाटली, उद्या तुझ्या चहातली साखर." ते त्यांना पटलं. रात्री शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो तेव्हा बायकांचंही पटतं. त्या विचारतात, "सरकारनं माणसाच्या आवडीनिवडीत आणि कुणाच्या धंद्यात कुठवर यावं? आणि मी सही करू की नको?"

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला भाच्याचा, दुसरा ८० हजारांचा. दुसरा जास्त टोचतो आहे, हे पत्र वाचताना कळतं. पण पहिल्यापासून सुरुवात करू, कारण तो सुटला की दुसऱ्याचं ओझं थोडं हलकं होईल.

भाच्याला एकदा त्या दुकानासमोर उभं करा आणि पाटी वाचायला सांगा. महाराष्ट्रात कुठेही जा, पाटीवर एकच मजकूर असतो: सरकारमान्य देशी दारूचे दुकान. किराणा दुकानावर किंवा पिठाच्या गिरणीवर कुणी 'सरकारमान्य' असं मोठ्या अक्षरांत रंगवत नाही. दारूच्या दुकानावर ते रंगवलेलं असतं, कारण हा धंदा सरकारच्या परवान्यावरच उभा आहे. किरकोळ दारूविक्रीचे नवे परवाने देणं राज्यानं सत्तरच्या दशकापासून थांबवलं. म्हणजे तुमच्या भाऊजींच्या शेजारी दुसऱ्या कुणाला दुकान टाकायचं असेल तर ते त्याला सहजी जमणार नाही. स्पर्धा नाही, गिऱ्हाईक बांधलेलं आणि परवान्याला सोन्याचा भाव. 'सरकारनं माझ्या धंद्यात पडू नये' असं भाऊजी म्हणत असतील, तर तो धंदा इतका चालतो तोच सरकार मध्ये पडल्यामुळे, हे त्यांना ठाऊक असणार.

कायद्याची बाजूही सांगून ठेवते. कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटना देते. पण दारूचा व्यापार हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं नव्वदच्या दशकात खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केलं. उलट घटनेच्या ४७ व्या कलमात राज्यानं दारूबंदीचा प्रयत्न करावा असं मार्गदर्शक तत्त्व आहे. आता गंमत पाहा. एकीकडे हे कलम, आणि दुसरीकडे जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा त्यातून वर्षाला आणखी १४ हजार कोटी मिळतील असा अंदाज मांडला. देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत तेव्हा ८० रुपयांवर गेली. ज्या तिजोरीला दारूचा पैसा हवा असतो, तिच्याच मालकानं दारू कमी करायची असते. सरकार इथे पंच नाही, धंद्यातला भागीदारच आहे. म्हणून 'सरकारनं यावं का' हा प्रश्न तुमच्या गावात फार उशिरा विचारला जातोय. ते कधीच येऊन बसलं आहे. राहतो तो एवढाच प्रश्न, की दुकान कुठे असावं आणि असावं की नाही हे एकट्या मंत्रालयानं ठरवायचं, की ज्यांच्या दारासमोर ते आहे त्यांनाही त्यात बोलता यावं.

भाच्याचं सगळंच चुकतंय असं मात्र मी म्हणणार नाही. सरकार माणसाच्या ताटात आणि पेल्यात फार आत शिरलं की काय होतं, याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून लागू आहे, नाव तेवढं आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झालं. त्यानुसार दारू प्यायला पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. बिअर आणि वाइन २१ व्या वर्षानंतर, बाकीची दारू २५ नंतर. तेव्हा तुमच्या यजमानांची शनिवारची क्वार्टर, त्यांच्या खिशात परवाना नसेल तर, कागदोपत्री बेकायदा आहे! राज्यातले बहुतेक पिणारे हे नियम जाणतही नाहीत. असा कायदा रोज कुणी पाळत नाही आणि रोज कुणी लावतही नाही. तो फक्त कुणाला तरी अडकवायचं असेल त्या दिवशी बाहेर निघतो. हप्त्याची सोय यापेक्षा चांगली कुठली? इथे भाच्याच्या बाजूनं मी पूर्ण आहे.

पण साखरेचं त्याचं उदाहरण मला लंगडं वाटतं. तुम्ही चहात चार चमचे साखर घातलीत तर मधुमेह मुख्यतः तुम्हाला होणार. शेजारच्या घरातल्या बाईनं मात्र दारूचा एक थेंब घेतलेला नाही आणि मार ती खाते. मजुरीचे पैसे स्टँडवरच संपतात आणि डब्यात भाजी नसते ती पोराच्या. 'निवड' ज्याची, तोटाही त्याचाच असेल तर सरकारनं आणि गावानं लांब राहावं, पाकिटावर माहिती छापायला लावावी, भेसळ पकडावी आणि गप्प बसावं. तोटा दुसऱ्याच्या अंगावर पडत असेल तर त्या दुसऱ्याला विचारायलाच हवं. तुमचे यजमान आणि शेजारचा माणूस एकाच दुकानातून बाटली घेतात, हीच इथली खरी अडचण. दुकान बंद झालं तर दोघांचंही होईल. यजमानांवर थोडा अन्याय होईल, हे मान्य करूनच पुढे जा. त्यांच्याशी बोला. शनिवारी सहा किलोमीटर लांब जावं लागलं तर ते किती चिडतील, हे त्यांच्याच तोंडून ऐका. मला वाटतं, ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी चिडतील.

आणखी एक फरक भाच्याला सांगा. गावातलं एक दुकान बंद करणं आणि पिणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बिहारनं २०१६ मध्ये पूर्ण दारूबंदी केली आणि पिणाऱ्यालाच तुरुंगात टाकायला सुरुवात केली. न्यायालयांत खटल्यांचा डोंगर झाला, आणि शेवटी २०२२ मध्ये पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली. तुमच्या गावातल्या बायका हे मागत नाहीत. कुणाच्या घरात घुसून पेला हिसकावण्याचा अधिकार त्यांना नको आहे. शाळेच्या रस्त्यावर ते दुकान नको, एवढंच त्या म्हणतात. मलाही त्यात जास्तीचं काही दिसत नाही.

आता बायकांना विचारायचे प्रश्न, कारण त्यांच्याही मनात एक समजूत आहे: दुकान गेलं की दारू गेली. तसं होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, पायी मोर्चे नेले आणि १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी मिळवली. २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. कारण सांगितलं ते हे, की अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी मात्र अजून आहे. तिथेही चोरटी दारू येते, कुणी नाकारत नाही. पण तिथे बंदीच्या आधी लोकांची चळवळ होती, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती उपक्रमात गावोगावच्या समित्या, विक्रेत्यांवर दबाव आणि व्यसनींवर उपचार हे एकत्र चालवलं गेलं. आदेश दोन्हीकडे होता. तो निघाल्यानंतरच्या दिवशी सकाळी कोण उठून काम करतं, यावर पुढचं ठरतं. गुटख्याचं पाहा ना. २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी आहे. तुमच्या स्टँडवरच्या टपरीत मिळत नाही असं छातीठोक सांगाल?

अवैध दारूचा धोका मी घाबरवायला सांगत नाही, पण लपवणारही नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. दारूत मिथेनॉल होतं. मेलेले जवळजवळ सगळे हातावर पोट असलेले. म्हणून सही करण्याआधी गटाच्या बैठकीत हे विचारा: आपल्या गावात आणि शेजारच्या वस्तीत हातभट्टी कोण लावतं? दुकान बंद झाल्यावर मोटारसायकलवरून बाटल्यांचे बॉक्स आणून घरातून कोण विकेल? तेव्हा आपण काय करणार आहोत? या प्रश्नांवर बैठकीत सगळ्या गप्प बसल्या, तर मोहीम एक महिना पुढे ढकला आणि आधी उत्तर शोधा.

दुसरी गोष्ट डॉक्टर लोक पुन्हा पुन्हा सांगतात आणि दारूबंदीवाल्यांच्या ध्यानात राहत नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात तुटली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. घाम, हात थरथरणं, नसलेली माणसं दिसायला लागणं ही लक्षणं दिसली तर 'उतरते आहे, चांगलंच आहे' म्हणून खोलीत कोंडू नका. थेट दवाखान्यात न्या. गावातले असे सात-आठ जण कोण, हे आशाताईंना बहुधा माहीत असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या सभा जिल्ह्याच्या ठिकाणी होतात, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. शेजारच्या बाईसाठी तर दुकान बंद होण्याची वाटच पाहू नका. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर तिच्याकडे आजच पोचू देत. दारू बंद झाली की मार बंद होतो, हे प्रत्येक घरात खरं नसतं. काही पुरुष शुद्धीत असतानाही मारतात.

आता दुकानाकडे जाण्याचे मधले रस्ते. बंदच करायचं की काहीच नाही, असं दोन टोकांचं ठरवून टाकू नका. भाऊजींच्या दुकानातून २५ च्या आतल्या पोरांना बाटली मिळते का? ठरलेल्या वेळेआधी पहाटे शटर अर्धं वर असतं का? अवैध विक्रेत्यांना बॉक्सच्या बॉक्स जातात का? यातलं काही होत असेल तर तो आजच परवान्याच्या अटींचा भंग आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दुकान शाळेच्या वाटेवरून हलवा, ही मागणीही करता येते. यात कुणाची रोजी जात नाही आणि बऱ्याच गावांना एवढं पुरतंही. मात्र जागा बदलण्यात एक मेख आहे, ती बोलून ठेवते: तुमच्याकडून हललेलं दुकान दुसऱ्या कुणाच्या तरी शाळेच्या वाटेवर जाऊ शकतं.

हे करून भागलं नाही तर आडवी बाटली, म्हणजे दुकानाबद्दल गावातल्या बायकांचं मतदान, आहेच. पद्धत अशी: गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्यांचं निवेदन द्यायचं, उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या पडताळतो, मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. तुम्ही गावात १,६०० महिला मतदार आहेत असं लिहिलंय, म्हणजे ४०० सह्या लागतील. खरी चढण त्यापुढे आहे. बंदीसाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात ती एकूण महिला मतदारांच्या, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे ८०१. ऊसतोडीला गेलेली, मुंबईला लेकीकडे गेलेली, त्या दिवशी शेतातून न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच पारड्यात पडते. बऱ्याच गावांत बायका मोजणीत खूप पुढे असूनही याच हिशेबात हरल्या. या नियमांत बदल करण्याच्या घोषणाही अधूनमधून होतात. म्हणून अर्ज देण्याआधी अधीक्षक कार्यालयातून सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत मागून घ्या. तुमचं गाव आदिवासी भागातलं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं असेल, तर १९९६ च्या पेसा कायद्यानं नशेच्या पदार्थांच्या विक्रीबाबत ग्रामसभेला याहून मोठा अधिकार दिला आहे. तिथून सुरुवात करा.

मला ही पद्धत का आवडते, तेही सांगते. ८०१ चा उंबरठा उंच आहे, जाचक आहे, पण त्यामुळे चार तावातल्या माणसांना कुणाचं दुकान बंद पाडता येत नाही. भाच्याला झुंडशाहीची भीती वाटते ना? त्यावर याहून चांगला उपाय मला तरी ठाऊक नाही. सह्या तपासल्या जातात आणि मत गुप्त असतं. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्यानं घेतला, तेव्हा ग्राहकाच्या स्वातंत्र्याबद्दल शहरांत पुष्कळ बोललं गेलं. देशीच्या दुकानासमोरून रोज पाण्याची कळशी घेऊन जाणारीच्या स्वातंत्र्याबद्दल इतकं बोललेलं मी कुठे वाचलं नाही.

आता ८० हजार.

भाऊजींनी अडचणीत पैसे दिले, हे मोठेपणच आहे. दुकानाचे पैसे होते म्हणून ते कमी होत नाही. पण ती मदत तुमच्या मुलीच्या शिक्षणासाठी होती. तुमच्या मताची ती किंमत असेल असं त्यांनी कधी म्हटलेलं पत्रात दिसत नाही. तसं तुम्हीच मनात म्हणताय. ते ओझं उतरवायचा रस्ता साधा आहे: रक्कम उसनी होती असं धरा आणि परतफेडीचा हप्ता बांधा. महिना दोन हजार जमले तरी चाळीस महिन्यांत फिटतील. बचत गटातून कर्ज काढून एकदम फेडू नका. गटाच्या सचिवांनी दारूवाल्याचे पैसे गटाच्या पैशातून फेडले, हे गावात कसं पसरेल ते मी सांगायला नको.

सहीबद्दल. मत गुप्त असतं, सही उघडी असते. सह्यांचा कागद कार्यालयात जातो आणि तिथून भाऊजींच्या हाती पडायला वेळ लागत नाही. सही न करता आत जाऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारायची मोकळीक तुम्हाला आहे, आणि ज्या बाईचं घर दुकानाच्या पगारावर चालतं तिला मी तेच सांगेन. तुमचं तसं नाही. तुम्ही सचिव आहात. तुमच्या सहीशिवाय कागद फिरला तर पहिल्याच घरात विचारतील, आणि गटातल्या बायका काय समजायचं ते समजतील. माझं मत विचारलंत म्हणून सांगते: मुलं, वेळ, जागा यांबद्दलची तक्रार आधी करा, दोन-तीन महिने द्या. काही हललं नाही तर सही करा. पहिलीच करा असं नाही, पण करा.

मात्र सही करण्याआधी भाऊजींना स्वतः जाऊन सांगा. कागदावर नाव वाचून त्यांना कळू देऊ नका. भाषण नको. "दुकानाची जागा आम्हाला चालत नाही, तक्रार देतोय, तुम्ही स्वतःहून हलवत असाल तर सांगा. तुमचे पैसे पुढच्या महिन्यापासून सुरू करते." एवढंच. ते रागावतील. दिवाळीला बोलावणार नाहीत, असंही होईल. दुकानात कामाला असलेल्या दोन पोरांचं पुढे काय, हेही त्याच बैठकीत काढा. त्यांचा यात काही दोष नाही आणि त्यांचा विचार कुणीच करत नसतं.

यजमानांना सोबत न्या. भाऊ भावाशी बोलताना आवाज जरा खाली राहतो. आणि जाऊबाई चहा टाकायला आत निघाल्या तर त्यांना थांबवून घ्या. चहा मागाहून होईल. मतदार यादीत त्यांचंही नाव आहे, आणि त्यांना काय वाटतं हे तुमच्या तीन पानी पत्रात कुठेच आलेलं नाही.